कोरकू मूल वर्गात गप्प का बसते?

मेळघाटातल्या आणि मेळघाटाबाहेरच्या मराठी बंधू-भगिनींनो,

धारणी-चिखलदऱ्याकडचे कोरकू मूल सहा वर्षांचे झाले की पहिलीत जाऊन बसते. घरात कोरकू, बाजारात हिंदी. मराठी कानावर पडते ती बहुतेक वेळा गुरुजींच्याच तोंडून. घरी शेळ्या वळणारे, मोह वेचणारे, रानातले झाड न् झाड नावानिशी ओळखणारे पोर वर्गात मुके होते. गुरुजी विचारतात, ते खाली बघते. मग शेरा ठरलेला: "यांना काही येत नाही." हा शेरा खोटा आहे. उत्तर न येणे वेगळे. इथे प्रश्नच कळलेला नसतो.

कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीची सोयरी. २०११च्या जनगणनेत देशभरातल्या सात लाखांहून अधिक लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. उद्या तुमच्या लेकीला पहिलीपासून तमिळमधून गणित शिकवले, तर सहामाहीला तिला ढ म्हणाल का?

भाषेच्या हक्कासाठी शंभरावर माणसे हुतात्मा झाली, तेव्हा १९६० साली हे राज्य उभे राहिले. त्याच राज्यात एक लेकरू स्वतःच्या गावच्या शाळेत परके ठरते, याची आम्हाला लाज वाटते. २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आम्हालाही आहे. पण मराठीवरचे प्रेम कोरकूला वर्गाबाहेर उभे करून सिद्ध होत नाही.

घटनेचे कलम ३५० क सांगते की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी. २००९चा शिक्षणहक्क कायदाही तेच सांगतो, फक्त 'शक्य असेल तितपत' अशी पुस्ती जोडून. त्या पुस्तीची पळवाट झाली आहे.

"पुढे मराठीच लागणार ना?" असे विचारणारे पुष्कळ भेटतात. लागणारच! म्हणून तर ती नीट शिकवा, कोरकूचा हात धरून शिकवा.

पहिली-दुसरीला कोरकू बोलणारा शिक्षक द्या. तिथेच डी.एड. झालेली कोरकू मुले-मुली आहेत, त्यांना घ्या. बाहेरून येणाऱ्या शिक्षकाला रुजू होण्याआधी कामापुरती कोरकू शिकवा. पहिलीची चाचणी तोंडी आणि कोरकूतून घ्या.

मेळघाट अनुसूचित क्षेत्र आहे. पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेचा शब्द वजनदार केला आहे. येत्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव मांडा, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या हाती द्या आणि सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.