सहा आठवडे मोजा, त्यापुढे थांबू नका

मैत्रिणींनो, गेल्या दोन-तीन महिन्यांत तुमच्यापैकी कुणी गर्भपाताच्या गोळ्या घेतल्या असतील, कुणी क्युरेटिंग करून घेतलं असेल, आणि पाळी अजून आली नसेल, तर हे तुमच्यासाठी आहे. नंतर बघू म्हणून बाजूला ठेवू नका.

परवा ओपीडीत एक बाई आली. पर्समधून तिने घडी घातलेली कॅलेंडरची पानं काढली. पानांवर दुधाचे खाडे मांडलेले, आणि त्यांच्यातच एका तारखेखाली पेन्सिलीचा बारीक ठिपका. घरात कुणाला कळू नये म्हणून एवढाच. त्या ठिपक्याला अकरा आठवडे झाले होते. नवऱ्याने मेडिकलमधून गोळ्या आणून दिल्या, आठ-दहा दिवस अंगावरून गेलं, त्यानंतर काहीच नाही. तीळ झाले, गूळ झाला, पपई झाली. जाऊ म्हणाली, "गरम गोळ्या होत्या, येईल हळूहळू." सोनोग्राफीत दहा आठवड्यांचा नवा गर्भ दिसला. ती माझ्याकडे बघतच राहिली. "पण मॅडम, पाळीच आली नाही, तर दिवस कसे गेले?"

हा प्रश्न मी इतक्या जणींकडून ऐकला आहे, म्हणून ठळकपणे सांगते. आधी बीज सुटतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. गर्भपातानंतर आठव्या-दहाव्या दिवशीसुद्धा बीज सुटू शकतं. म्हणजे पाळी एकदाही न येता पुन्हा दिवस राहू शकतात. गर्भनिरोधकाचं पाळी आल्यावर बघू म्हणणाऱ्या बायका इथेच फसतात. तांबी असो, गोळ्या असोत की निरोध, त्याचा निर्णय गर्भपाताच्या वेळीच डॉक्टरांशी बोलून घ्या.

आता हिशेब. गर्भपातानंतर लगेच जे अंगावरून जातं ती पाळी नव्हे, ती मोजू नका. खरी पाळी बहुतेकींना चार ते सहा आठवड्यांत येते, काहींना आठवा आठवडा उजाडतो. पहिली पाळी कमी-जास्त असू शकते, तेवढ्याने घाबरू नका. पण सहा आठवडे उलटले की लघवीची तपासणी करा. ही तपासणी पहिल्या तीन-चार आठवड्यांत केली तर जुन्या गर्भाच्या संप्रेरकामुळे दोन रेषा दिसू शकतात, त्यावरून निष्कर्ष काढू नका. चार आठवड्यांनंतरही दोन रेषा आल्या तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. गर्भ तसाच राहिला असेल, काही भाग आत उरला असेल किंवा नव्याने दिवस गेले असतील. एकच रेषा आली आणि आठ आठवडे होऊनही पाळी नाही, तरीही दाखवायलाच हवं.

कारण अशा वेळी थायरॉइड, पीसीओडी, अशक्तपणा, मनावरचा ताण, झपाट्याने घटलेलं वजन, यांपैकी काहीही असू शकतं. 'अंतरा'चं गर्भनिरोधक इंजेक्शन घेतलं असेल तर त्यानेही पाळी थांबते. क्युरेटिंगनंतर क्वचित गर्भाशयाचं आतलं अस्तर दुखावतं आणि भिंती एकमेकींना चिकटतात. मग पाळी अगदी थेंबभर येते किंवा बंदच होते. कुणाला दर महिन्याला ओटीपोटात कळा येतात आणि रक्त मात्र येत नाही, कारण तोंड बंद झाल्याने ते आत साठतं. हे दुर्बिणीने मोकळं करता येतं. दुखणं अंगावर काढलं तर पुढे मूल हवं असेल तेव्हा अडचण येते.

तपासणी न करता पाळी आणायची गोळी घेऊ नका, आणि गर्भपाताचं किट पुन्हा तर मुळीच नको. तासाला दोन पॅड असे सलग दोन तास भिजले, ताप उतरेना, घाण वास येऊ लागला, किंवा एका बाजूला असह्य दुखून चक्कर आली, तर सहा आठवड्यांचा हिशेब विसरा. तडक १०८ ला फोन करा. गर्भ नळीत असेल तर तासाभराचा उशीरही जिवावर बेततो.

"गोळ्या कुठून घेतल्या म्हणून डॉक्टर ओरडतील," ही भीती मला ठाऊक आहे. तरीही खरं सांगा, त्याशिवाय उपचार नेमके होत नाहीत. १९७१ च्या कायद्याप्रमाणे सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला तिची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तिचं नाव बेकायदा फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मेडिकलवाल्या दादांनो, चिठ्ठीशिवाय हे किट विकू नका. आशाताई, गर्भपात झालेल्या बाईच्या घरी सहाव्या आठवड्यात एक चक्कर टाका आणि तिला एकटीला गाठून विचारा. सासूबाई, आई, नवरे मंडळी, पाळी लांबली ते पापाचं फळ नाही. तिला बोल लावू नका, सोबत दवाखान्यात जा.

आणि मैत्रिणींनो, तुमच्याही कॅलेंडरवर असा ठिपका असेल तर आज आठवडे मोजा. सहाच्या पुढे गेले असतील तर उद्या सकाळी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात या.