एकाच गोठ्यातला चारा

जातिवंत! मुरबाडच्या म्हसा यात्रेत खिलाराच्या पाठीवर थाप मारून व्यापारी हा शब्द वापरतो, ते मला समजतं. बैल आहे तो. पण डोंबिवली फास्टमध्ये इस्त्रीवाला साहेब राखीव जागांवर घसरतो आणि म्हणतो, "शेवटी रक्तातच असावं लागतं!" तेव्हा दोस्तांनो, त्याला बैलाचंच शास्त्र ऐकवा. मी नववीपर्यंत शिकलेला मिल कामगार. मला वाचून कळलं, त्याला का कळू नये?

परदेशात मोठ्याच्या मटणासाठी अँगस, हेरफर्ड पाळतात. वळू निवडायचा तो वासरांची वाढ आणि वजन बघून. जन्मल्यावर, दूध तोडल्यावर, वर्षाचं झाल्यावर वासरू काट्यावर चढतं. आणि तुलना कुणाशी? त्याच हंगामात जन्मलेल्या, त्याच गोठ्यात तोच चारा खाल्लेल्या वासरांशी. एक पेंडीवर पोसलेलं, दुसरं उकिरड्यावर चरलेलं, अशी दोन वजनं शेजारी मांडून कुणी 'रक्त' म्हणालं तर त्याला खुळ्यात काढतील. एवढं करूनही वर्षाच्या वासरांच्या वजनातल्या फरकात रक्ताचा वाटा निघतो साधारण ३० ते ४० टक्के. बाकी चारा, पाणी, रोगराई, सांभाळ.

जनावराला एवढा न्याय! आणि आमच्या पोराला? १० बाय १० ची खोली, नळावरची रांग, बापाची रातपाळी. काटा मात्र क्लासवाल्या पोराबरोबर एकच.

शुद्ध रक्त म्हणे! एकाच घराण्यात पैदास करत राहिलं की वाढ खुंटते, वासरं दगावतात. दोन जातींचा संकर केला की वासरू जास्त भरतं. हे गोठ्यातल्या शेणाइतकं उघडं आहे. जातीमुळं वंश सुधारतो हा दावा बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलना'त फाडलाय. तरी हे अजून तेच दळतात. नुसत्या मांसामागं लागून काय होतं तेही बघा: बेल्जियन ब्लू गाय. मांसाचे डोंगर, पण बहुतेक वासरं गायीचं पोट फाडून काढावी लागतात.

आपल्याकडं मांसासाठी बैल कुणी निवडलाच नाही. खिलार ओढकामाला, डांगी पावसातल्या चिखलाला. म्हातारा झाला की तो कसायाकडं जायचा, चार पैसे सुटायचे, आमच्या चुलीवर स्वस्तात रस्सा शिजायचा. १९७६ च्या कायद्यानं गाय वाचली, मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही. कुणाला विचारून? ना शेतकऱ्याला, ना खाणाऱ्याला. आता मोठ्याचं म्हणजे म्हैस नाहीतर रेडा. त्यांना 'जातिवंत' म्हणत अजून कुणी मखरात बसवलेलं नाही, म्हणून मिळतंय.