टाळ मागे, शब्द पुढे

वाद्ये वाढविली की संगीत वाढते, ही समजूत आपल्या उत्सवांतून आता इतकी रुजली आहे की तिच्याविरुद्ध बोलणारा अरसिक ठरतो. तरीही बोलणे भाग आहे. चार वाद्ये एकत्र वाजणे निराळे आणि ती एकमेकांना ऐकत वाजणे निराळे. हा फरक विसरला की पहिला बळी पडतो तो गाण्यातील शब्दांचा.

मी राहतो ते भोपाळचे बरखेडा १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यामुळे भरभराटीस आले. नोकरीनिमित्त येथे आलेल्या मराठी माणसांनी गणपती आणला आणि गणपतीबरोबर भजनही आले. अशाच एका उत्सवात सहा जणांच्या भजनापुढे सात ध्वनिक्षेपक मांडलेले मी पाहिले. मृदंगी बिचारा हात राखून वाजवीत होता, तर यंत्रापाशी बसलेला मुलगा त्याचाच आवाज चढवीत होता. टाळांचा खणखणाट कर्ण्यांतून थेट कानांवर आदळत होता. शेजारच्या आजींनी मला विचारले, "अभंग कोणाचा चाललाय हो?" ज्यांना शेकडो अभंग मुखोद्गत, त्यांच्यावर हे विचारण्याची पाळी यावी!

वास्तविक वाद्यांच्या मांडणीचे शास्त्र आपल्याला परके नाही. वारकरी कीर्तनात कीर्तनकार पुढे, टाळकरी त्यांच्या मागे ओळीने आणि मृदंगी जवळच, जेथून त्याला कीर्तनकाराचा हात व चेहरा दिसेल अशा जागी उभा असतो. टाळांची संख्या कितीही असो, शब्द श्रोत्यांकडे आधी पोहोचतो. संगीत रंगभूमीवरही तेच. गंधर्व नाटक मंडळीत कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवाँचा तबला अशी मातब्बर साथ असे. पण साथीदार बसत रंगमंचासमोरच्या खालच्या जागेत, आणि गाणाऱ्याचा आवाज त्यांच्या डोक्यावरून प्रेक्षागृहात जाई.

मैहरचे उदाहरण तर आपल्याच प्रांतातले. १९१८ च्या सुमारास बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी तेथील संस्थानात अनाथ मुलांना हाताशी धरून वाद्यवृंद उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी नलतरंग घडविला व तंतुवाद्यांच्या जोडीला बसविला. धातूचा आवाज तारेच्या आवाजाला सहज झाकून टाकतो. तेव्हा अशा वाद्याला मेळात नांदवायचे ते वाजविणाऱ्याच्या संयमानेच.

दूरच्या मलाया द्वीपकल्पातही पहांग आणि तेरेंगानू येथील राजवाड्यांत गामेलान नावाचा धातुवाद्यांचा मेळ नृत्याच्या साथीला असे. त्यात वाद्ये सातच्या आसपास. लहान घंटांची ओळ असलेले केरोमोंग चाल सजविते, पट्ट्यांचे सारोन तिचा सांगाडा धरते, ढोल गती राखतो आणि मोठी टांगती घंटा आवर्तन पुरे झाल्याची खूण देते. आपल्या समेसारखेच म्हणा ना! सर्वांत दणदणीत वाद्याने सर्वांत कमी वेळा वाजायचे, हा त्या मेळाचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

कोणी म्हणेल, मैदान मोठे, रस्त्यावर रहदारी, तेव्हा यंत्राशिवाय गत्यंतर नाही. मान्य. यंत्राला माझा विरोध नाही; वादकांचे कान यंत्राच्या हवाली करण्याला आहे. मृदंगावर आज बसणारा मुलगा गाणाऱ्याचा श्वास ऐकून हात हलका करायला शिकला नाही, तर उद्या शिकविणारा कोण उरेल? नाना पानशांसारखा पखवाजी ज्या इंदुरात होऊन गेला, तेथील घराण्यांना हे मी सांगावे असे नाही.

म्हणून मंडळांना माझ्या तीनच सूचना आहेत. ध्वनिक्षेपक एकच ठेवा, आणि तो गाणाऱ्यापुढे. टाळ-झांजा मागे, मृदंग बाजूला व पेटी गाणाऱ्याच्या कानाशी अशी बैठक करा. आणि कार्यक्रमापूर्वी अर्धा तास विजेवाचून गाऊन पाहा. दहाव्या रांगेत एखाद्या वडीलधाऱ्या बाईंना बसवून विचारा, शब्द कळतात का. त्या हो म्हणाल्या तरच कळ दाबा.

यात खर्च काही नाही, उलट सहा ध्वनिक्षेपकांचे भाडे वाचेल. त्या पैशांत मुलांसाठी मृदंगाची एक नवी जोडी येते का, ते मंडळांनी अवश्य पाहावे.