१५१ रुपयांचा नफा

माणसाला एखादा तरी छंद असावा, असं थोर लोक सांगून गेले आहेत. त्या छंदाला घरात किती जागा लागेल, हे मात्र एकही थोर माणूस सांगून गेला नाही. मला कार्टून चित्रपटांच्या डीव्हीडी जमवण्याचा छंद आहे. वय ४६, नोकरी बँकेत, शिक्षण बी.कॉम., आणि इतरांच्या घरी शोकेसमध्ये जिथे ताजमहाल असतो, तिथे माझ्याकडे वाघ, अस्वलं, बुटके आणि एक उडता हत्ती. पाहुणे आधी कौतुकानं विचारतात, "मुलांच्या वाटतं?" मुलगी एकच आणि ती इंजिनिअरिंगला आहे, हे कळल्यावर ते आधी माझ्याकडे बघतात, मग सौभाग्यवतीकडे बघून हळूच मान हलवतात. दुःखात सहभागी असल्यासारखी.

या वेडाचं मूळ १९९३ सालात आहे. त्या वर्षी दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागलं. चित्रं जपानी, गाणं गुलजारांचं आणि शेरखानच्या तोंडी नाना पाटेकरांचा आवाज. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. नानांच्या आवाजात वाघानं दम भरला की आमचे आजोबासुद्धा पाय वर घेऊन बसायचे. पुढे बँकेत चिकटलो आणि पहिल्या पगारातून ठरवलं, की हे सगळं आपल्या मालकीचं करायचं. सहकाऱ्यांनी त्या पैशांत आवर्ती ठेव उघडली. त्यांच्या ठेवी पिकल्या. माझा वाघ आहे तिथेच आहे.

अप्पा बळवंत चौकातून आत वळलं की एका बोळात आठ फुटी दुकान होतं. मालकांना सगळे 'काका' म्हणायचे. काकांनी आयुष्यात एकही कार्टून शेवटपर्यंत पाहिलेलं नव्हतं, पण डीव्हीडी या वस्तूबद्दल त्यांना जे ठाऊक होतं ते ती बनवणाऱ्यालाही ठाऊक नसेल. अस्सल आणि नकली कशी ओळखायची, ते त्यांनी मला ट्यूबलाइटखाली शिकवलं. तबकडी उलटी धरायची. कारखान्यात छापलेली असेल तर पाठ चांदीसारखी, दोन थरांची असेल तर किंचित सोनेरी. कोणाच्या घरी कॉप्या काढून आणलेली असेल तर पाठ जांभळी. "साहेब, वांग्याचा रंग दिसला की पिशवीत टाकू नका," हे त्यांचं सूत्र.

एकदा मी तक्रार घेऊन गेलो. १९६७ सालचा डिस्नेचा 'द जंगल बुक' ७८ मिनिटांचा. माझ्या तबकडीवर तो ७५ मिनिटांत संपत होता. बँकेत तीन रुपये कमी भरले तर हिशेब लागेपर्यंत आम्हांला घरी सोडत नाहीत, आणि इथे तीन मिनिटं गायब! काका शांतपणे म्हणाले, "काही कापलेलं नाही साहेब. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. ही तबकडी पाल पद्धतीची, ती २५ चित्रांच्या वेगानं पळते. तुमचा मोगली जरा घाईत आहे, एवढंच." मी घरी येऊन २४ ला २५ नं भागलं. हिशेब पैशापर्यंत जुळला. असा खुलासा मला आमच्या हेड ऑफिसकडूनसुद्धा कधी मिळालेला नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना माझा भाचा हिंजवडीला नोकरीला लागला.

"मामा, तू अजून दुकानात जातोस?" त्यानं विचारलं. 'तू अजून नदीवर आंघोळीला जातोस?' या सुरात. मग त्यानं माझ्या देखत एक तबकडी शोधून काढली. दोन तबकड्यांची खास आवृत्ती, डबा पत्र्याचा. काकांकडे ६५० रुपये, ऑनलाइन ४९९. वर त्या ६५० वर एक आडवी रेघ मारलेली. वाचकहो, त्या रेघेची ताकद तुम्हांला ठाऊक आहे. आपल्या नावावर कोणीतरी रक्कम माफ केल्याचा तो आनंद असतो. १५१ रुपयांचा निव्वळ नफा! मी बी.कॉम. आहे. नफा दिसल्यावर मला राहवत नाही.

आता त्या नफ्याचा ताळेबंद ऐका. पार्सल घ्यायला घरी कोणी नव्हतं म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पार्सल आलं, पण पत्र्याच्या डब्याला कोपऱ्यात पोचा. तुम्ही म्हणाल, आत सिनेमा तर ठीक आहे ना? हे वाक्य संग्राहकासमोर उच्चारू नये. लग्न ठरवताना मुलाचं एक नाक सोडलं तर बाकी सगळं ठीक आहे, असं म्हणण्यासारखं ते आहे. परत पाठवायला कुरियरचे ९० आणि रिक्षाचे जाऊन-येऊन ७०, म्हणजे १६०. नफा वजा जाता निव्वळ तोटा ९ रुपये, शिवाय अर्धी रजा.

बदली आली ती थेट अमेरिकेतली. डबा निष्कलंक. प्लेअरमध्ये घातली, तर पडद्यावर पाटी: ही तबकडी या प्रदेशात चालणार नाही. डीव्हीडीवाल्यांनी पृथ्वीची वाटणी करून ठेवली आहे, हे मी विसरलो होतो. अमेरिका १ नंबरात, जपान आणि पश्चिम युरोप २ नंबरात, आणि आपण रशिया व बहुतेक आफ्रिकेबरोबर ५ नंबरात. एका नंबराची तबकडी दुसऱ्या नंबराच्या प्लेअरला ओळख दाखवत नाही. पुण्यातल्या पेठांपेक्षा कडक कारभार. भाचा म्हणाला, "संगणकावर नंबर बदलता येतो." येतो खरा, पण फक्त पाच वेळा. त्यानंतर तो ज्या देशाचा झाला, त्याच देशाचा कायमचा. भाच्याचा संगणक आज अमेरिकन नागरिक आहे. भाच्याचं अजून जमलेलं नाही.

काकांच्या दुकानात हे घडलं नसतं, कारण माझ्या घरी कुठला प्लेअर आहे हे काकांना पाठ होतं.

आता दुसरी बाजू. बँकेत आम्ही जमा आणि नावे दोन्ही लिहितो. ऑनलाइन बाजारात जे मिळतं ते आठ फुटी दुकानात मिळणं शक्य नाही, हे मला मान्य आहे. जपानच्या युगो साको यांनी आपल्या राम मोहन यांना बरोबर घेऊन १९९२ साली रामायणावर हातानं चितारलेला एक देखणा चित्रपट केला. आपल्याकडच्या चित्रपटगृहांत तो नीट झळकला २०२५ च्या जानेवारीत. रामाला वनवास चौदा वर्षांचाच होता, त्याच्या चित्रपटाला त्याच्या दुपटीहून अधिक झाला. मला त्याची तबकडी हवी होती. काका दोन वर्षं "सांगून ठेवलंय" म्हणत राहिले. ऑनलाइन ती मला बसल्या जागी मिळाली. तेव्हा ज्याला काय हवं ते पक्कं ठाऊक आहे, त्यानं खुशाल ऑनलाइन घ्यावं.

पण माणसाला काय हवं ते पक्कं ठाऊक असतं, हा शोध कोणी लावला?

२०१३ सालची गोष्ट. माझी आई दवाखान्यात होती. मुलगी सहा वर्षांची, आणि आजी कधी येणार, हे रोज रात्री विचारायची. मी दवाखान्यातून येताना काकांच्या दुकानाशी उगीच थांबलो. काहीच घ्यायचं नव्हतं. काकांनी आईची चौकशी केली आणि फळीवरून एक तबकडी काढून हातात ठेवली. मियाझाकींचा १९८८ सालचा 'माय नेबर टोटोरो'. "मी पाहिलेला नाही," काका म्हणाले, "पण नेतात ते लोक सांगतात, की यात दोन बहिणी आहेत आणि त्यांची आई दवाखान्यात आहे. लेकीबरोबर बसून बघा. नाही आवडला तर परत आणा." त्या रात्री आम्ही दोघांनी तो पाहिला. पावसात बसथांब्यावर उभ्या असलेल्या त्या पोरींशेजारी ते भलंमोठं केसाळ जनावर येऊन उभं राहिलं, तेव्हा मुलगी माझ्या मांडीवर सरकली. पुढे आठ दिवस तिनं आजीबद्दल विचारलं नाही. ती टोटोरोवर सगळं सोपवून मोकळी झाली होती.

संगणकालाही माझ्याबद्दल पुष्कळ माहिती आहे, असं भाचा सांगतो. असेल. त्याच आठवड्यात त्यानं मला कळवलं होतं, की ज्यांनी ही कार्टून घेतली त्यांनी मिक्सरची भांडीही घेतली.

माझं भांडण १५१ रुपयांशी नाही. दुकानदाराकडे आपण वस्तू घेतो आणि त्या वस्तूबरोबर एक माणूस जामीन मिळतो, त्या जामिनाची किंमत आपण छापील किमतीतून वजा करतो आणि तिला बचत म्हणतो, याच्याशी आहे.

आणि ही बचत पुढे कुठे जाते तेही पाहा. अमेरिकेत नेटफ्लिक्सनं १९९८ पासून टपालानं डीव्हीडी भाड्यानं द्यायला सुरुवात केली. लोक घरबसल्या खूश, भाड्याच्या दुकानांना उतरती कळा. २०२३ च्या सप्टेंबरात नेटफ्लिक्सनं तबकड्या पाठवणंच बंद केलं. म्हणजे आधी दुकान गेलं, मग वस्तूही गेली. आता उरली परवानगी. महिन्याचे पैसे भरा आणि आम्ही ठेवलेलं असेल तोवर पाहा. फाळक्यांनी १९१५ साली आगकाड्या एकेक हलवून 'आगकाड्यांची मौज' केली होती. ती आज बघायला मिळत नाही, कारण जपली गेली नाही. तेव्हा शोकेसमध्ये हत्ती ठेवणाऱ्यांना हसू नका.

हे सगळं तावातावानं बोलणारा मी स्वतः काय करत होतो? त्या ९ रुपये तोट्यानंतरही मी ऑनलाइनच घेत राहिलो. आडव्या रेघेचं व्यसन वाईट. काकांशी नजरानजर नको म्हणून मी बोळ टाळून लांबच्या रस्त्यानं घरी जाऊ लागलो. २०१६ साली मुंबईतलं काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस बंद झालं, तेव्हा मी पेपर घेऊन घरभर हळहळत फिरलो. सौ. म्हणाली, "तुम्ही तिथे शेवटचे कधी गेला होतात?"

"२००९ मध्ये."

"काय घेतलंत?"

"पाऊस होता म्हणून आत शिरलो होतो."

काकांचं दुकान बंद झालं नाही. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मला हे बँकेत कळलं, कारण काका दर सोमवारी माझ्या काउंटरला भरणा करायला येतात. हल्ली माझ्यासमोर रांग अशी नसतेच. पाच-सहा पेन्शनर, पासबुक छापायला आलेली एखादी आजी आणि काका. एकदा मी म्हटलं, "काका, कशाला तंगडतोड करता? मुलाला सांगा, मोबाईलवरून होतं."

"होतं की," काका नोटा सारख्या करत म्हणाले. "पण सगळेच मोबाईलवरून करायला लागले, तर तुम्हांला इथे कोण बसवील?"

मी पावतीवर शिक्का मारला. तो उलटा बसला.

त्या संध्याकाळी मी बोळात गेलो. कव्हरांच्या खाली, अगदी तळाच्या फळीवर, पंचवीस-तीस तबकड्या अजून होत्या. मी खाली बसून धूळ झटकली, पहिली हाताला आली ती उचलली आणि गल्ल्यावर ठेवली. "छापील किंमत घ्या," मी म्हटलं. "एक पैसा कमी नको."

काकांनी चष्मा वर करून तबकडी पाहिली आणि परत फळीवर ठेवून दिली.

"ही तुमच्याकडे आहे साहेब. २००७ च्या दिवाळीत नेलीत. दुसरी बघा."

संगणकानं मला ती दहा टक्के सवलतीत पुन्हा विकली असती.