गडचिरोलीहून सुलतानपूरकडे : नवजात बाळासाठीच्या सहा भेटींचा इतिहास

१/ बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यात सुलतानपूर हे गाव आहे. तेथे, किंवा महाराष्ट्रातील कोणत्याही गावात, बाळंतीण बाळाला घेऊन घरी आली की आशाताईने ठरलेल्या दिवशी तिच्या घरी जावे असा नियम आहे : तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिल्या दिवशीची भेट आणखी. बाळाचे वजन करायचे, ताप पाहायचा, श्वास मोजायचे, ते अंगावर नीट पिते का हे पाहायचे. या वेळापत्रकाचे मूळ विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत आहे.

२/ त्या मुळाची हकिकत सांगण्यामागे एक कारण आहे. शासनाने गडचिरोलीच्या संशोधनातून भेटी घेतल्या, हे मोठेच काम झाले. परंतु त्या भेटींना बळ देणाऱ्या दोन गोष्टी, बाळाच्या उशाशी मिळणारा उपचार आणि मृत्यूंची प्रामाणिक मोजणी, वाटेत मागे पडल्या. त्या मागे का पडल्या आणि त्याची किंमत कोण मोजते, हा या धाग्याचा विषय आहे.

३/ गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाला. १९८६ साली डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. दोघांनीही अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले होते. संशोधन प्रयोगशाळेतच होते, ही समजूत त्यांनी बाजूला ठेवली. जेथे दुखणे आहे तेथेच प्रश्न विचारायचा आणि उत्तरही तेथल्याच माणसांच्या हाती द्यायचे, ही त्यांची भूमिका होती.

४/ पहिले उत्तर स्त्रियांविषयीचे होते. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. यापूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हा निबंध जानेवारी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. तोवर खेड्यातील स्त्रीचे आरोग्य म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच धरले जाई. राणी बंग यांच्या मोजणीने ती चौकट मोडली. न विचारलेले दुखणे आकड्यात आले, आणि आकड्यात आलेले दुखणे नाकारणे कठीण झाले.

५/ मोजणीचे हेच बळ त्याआधी पश्चिम आफ्रिकेत दिसले होते. डॅनिश मानववंशशास्त्रज्ञ पीटर आबी १९७८ साली गिनी-बिसाऊ या छोट्या देशात गेले. इतकी मुले कुपोषणामुळे का मरतात, हे त्यांना शोधायचे होते. त्यांनी राजधानीतील बांदिम वस्तीची घरोघरी नोंद केली. पुढच्याच वर्षी गोवराची साथ आली. गोवराने दगावलेली मुले वाचलेल्या मुलांपेक्षा अधिक कुपोषित नव्हती. दाटीच्या घरात एकापाठोपाठ एक लागण झालेली मुले अधिक दगावत होती. घरोघरची नोंद हाताशी नसती, तर जुनाच समज पुढे चालू राहिला असता.

६/ गडचिरोलीतही मोजणी आधी आणि औषध नंतर, असाच क्रम होता. बालमृत्यूंच्या नोंदी ठेवताना न्यूमोनिया हे मोठे कारण म्हणून पुढे आले. १०२ गावांत प्रयोग झाला : ५८ गावांत निमवैद्यकीय कर्मचारी, गावातील आरोग्यसेवक आणि दाया यांनी न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक द्यायचे, ४४ गावे तुलनेसाठी. अक्षरओळख नसलेल्या दायांना श्वास मोजता यावेत म्हणून वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधे श्वासमापक तयार झाले. पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५ होते, तर प्रयोगाच्या गावांत ८.१.

७/ तरीही मृत्यूंचा एक गठ्ठा हलत नव्हता, तो जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातला. याचे एक कारण आपल्या घरांच्या रीतीत आहे. बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडायचे नाही. बाळ अंधाऱ्या, शेकलेल्या खोलीत. ते आजारी पडले तर देवाची इच्छा. दवाखाना त्याच्यापर्यंत येत नाही आणि ते दवाखान्यापर्यंत जात नाही. १९९५-९६ मध्ये ७६३ नवजात बाळांचे घरोघर निरीक्षण झाले, तेव्हा निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय उपचाराची गरज असल्याचे दिसले. तो प्रत्यक्षात मिळाला अवघ्या २.६ टक्के बाळांना.

८/ त्या काळी सर्वमान्य मत असे होते की नवजात बाळाला वाचवायचे तर रुग्णालय, काचपेटी आणि बालरोगतज्ज्ञ हवा. ज्या जिल्ह्यात हे तिन्ही दुर्मीळ, तेथे या मताचा अर्थ ‘थांबा’ एवढाच होत असे. बंग दांपत्याने प्रश्न उलटा केला : रुग्णालय बाळाकडे नेता येत नसेल, तर रुग्णालयातील कोणकोणती कामे गावातील एखाद्या बाईला शिकवता येतील?

९/ ३९ गावे निवडली गेली. लोकसंख्या सुमारे ३९ हजार. प्रत्येक गावातील पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेली एक स्त्री आरोग्यदूत झाली. बाळंतपणाला हजर राहणे, जन्मतः गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, कमी वजनाच्या बाळाला ऊब देणे, स्तनपान जमवून देणे ही कामे ती शिकली. सर्वांत धाडसी पाऊल सेप्सिसचे, म्हणजे शरीरभर पसरलेल्या जंतुसंसर्गाचे होते. पिणे मंदावले, रडणे क्षीण झाले, अंग लुळे पडले अशा ठरावीक खुणांवरून तो ओळखायचा. मग आईवडिलांना रुग्णालयात जाण्याचा सल्ला द्यायचा. ते शक्य नसेल, तर त्यांच्या संमतीने घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडी औषध द्यायचे.

१०/ याचा निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सुरुवातीला दर हजार जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होत होते. तिसऱ्या वर्षी ते २५.५ वर आले. तुलनेच्या ४७ गावांत मात्र ते ५९.६ होते. तुलनेअंती घट ६२ टक्के भरली. सेप्सिस झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. काळजी घेतलेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला.

११/ येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे योग्य नाही. त्या ४७ गावांचे काय? तेथे नेहमीच्या सरकारी सेवा चालू होत्या. कोणाचा उपचार काढून घेतला नव्हता. परंतु शेजारच्या गावात बाळे वाचत असताना तेथील मृत्यूंची फक्त नोंद होत होती. अशा तुलनेवाचून पुरावा उभा राहत नाही, हे खरेच. मात्र त्या पुराव्याचे मोल त्या गावांतील आयांनी दिले आहे. हे ऋण फेडण्याचा मार्ग एकच : जे सिद्ध झाले ते पूर्णपणे अमलात आणणे. अर्धवट अंमलबजावणीने ते फिटत नाही.

१२/ २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या भागांतील संस्थांनी गावोगाव बालमृत्यू मोजले, तेव्हा प्रत्यक्ष मृत्यूंचा मोठा भाग सरकारी नोंदींत येतच नसल्याचे दिसले. २००३ साली राज्य शासनाला डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. नोंद दडवण्यामागे दुष्टपणा असतोच असे नाही. मृत्यू नोंदवला की खुलासा विचारला जातो, नोंदवला नाही तर कोणी विचारत नाही, एवढ्या साध्या भीतीनेही आकडे गळतात.

१३/ पुढे गाडी वेगाने धावली. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आली. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळाच्या गृहभेटींची शिफारस केली. २०११ साली भारत सरकारने घरच्या घरी नवजात बालकाची काळजी हा कार्यक्रम आखला; पूर्ण भेटींमागे आशाला २५० रुपये ठरले. इंजेक्शनचा अधिकार मात्र तिच्याकडे आला नाही. आजारी बाळ ओळखून पुढे पाठवणे, हेच तिचे मुख्य काम झाले. २०१४ साली विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची मुभा मिळाली, ती उपकेंद्रातील परिचारिकेला.

१४/ नुसत्या भेटींनी काय साधते, याचा मोठा प्रयोग पुन्हा पश्चिम आफ्रिकेतच झाला. घाना देशाच्या ब्राँग आहाफो प्रदेशात ‘न्यूहिंट्स’ या अभ्यासात गावातील स्वयंसेवकांनी गर्भवतींच्या आणि बाळंतिणींच्या घरी जाऊन सल्ला दिला, बाळ तपासले आणि आजारी बाळांना रुग्णालयात जाण्यास सांगितले. घरी उपचार नव्हता. २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला : भेटींच्या विभागांत दर हजारी २९.८ नवजात मृत्यू, तुलनेच्या विभागांत ३१.९. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणता येईल इतका नव्हता.

१५/ दोन्ही ठिकाणची परिस्थिती वेगळी होती. घानात मृत्यूंचे प्रमाण मुळातच कमी होते, त्यामुळे सरळ तुलना करणे अन्यायाचे ठरेल. दक्षिण आशियातील प्रयोग जमेस धरले तर भेटींचा लाभ दिसतो, हेही त्याच निबंधात नोंदले आहे. तरी त्यातून निघणारा प्रश्न चुकवता येत नाही : दारात आलेल्या बाईच्या पिशवीत काय आहे, आणि ती ज्या रुग्णालयाकडे बोट दाखवते तेथे बाळाला काय मिळते? भेट हे वाहन आहे. त्यातून उपचार पोहोचला तरच बाळ वाचते.

१६/ इंजेक्शन आशाच्या हाती न देण्यामागे काही कारणे आहेत. प्रतिजैविकांचा गैरवापर होऊ शकतो, प्रशिक्षणाचा दर्जा सर्वत्र सारखा राहत नाही, आणि आता राज्यात सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यातच होतात. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रातील नवजात मृत्युदर हजारी ११ होता. ही प्रगती खरी आहे. पण बाळंतीण दोनतीन दिवसांत घरी परतते आणि सव्वा महिना घरचाच असतो. ज्या शासनाने घरचा उपचार वगळला, त्याने मध्यरात्री मिळणारी गाडी आणि जागा असलेला नवजात कक्ष यांची हमी दिली पाहिजे. सुलतानपूरला लोणार आणि मेहकर जवळ आहेत. बुलढाणा मात्र जवळ नाही.

१७/ मोजणीचेही तसेच. पहिले बाळंतपण माहेरी होते. नाव सासरच्या आशाच्या वहीत, बाळ माहेरच्या गावात. कामासाठी कुटुंब बाहेरगावी गेले की दोन्ही वह्या कोऱ्या राहतात. सहा भेटींचा तक्ता मात्र भरलेला दिसतो, कारण पैसे तक्ता भरल्यावरच मिळतात. गडचिरोलीत मृत्यूची नोंद हे कामाचे साधन होते. सरकारी व्यवस्थेत ती आरोपाचे कारण होते. हा फरक मिटल्याशिवाय राज्याच्या आकड्यावर पूर्ण विश्वास ठेवता येणार नाही.

१८/ २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. त्याच आशांना महाराष्ट्रात मानधनासाठी पुन्हा पुन्हा संप करावा लागला आहे, आणि कागदोपत्री त्या आजही स्वयंसेविकाच आहेत. गडचिरोलीच्या संशोधनाचा खरा शोध औषधाचा नव्हता. जेंटामायसिन जुनेच होते. सातवी शिकलेल्या गावातल्या बाईवर पूर्ण विश्वास टाकला, तिला शिकवले, साधने दिली आणि पाठीशी उभे राहिले तर ती मृत्यू परतवू शकते, हा तो शोध होता.

१९/ म्हणून सुलतानपुरातील एखाद्या घराच्या उंबऱ्यावर वजनकाटा घेऊन उभ्या असलेल्या आशाताईकडे फॉर्म भरणारी बाई म्हणून पाहू नये. ८६ गावांनी आपल्या बाळांच्या जन्ममृत्यूंचा हिशेब देऊन मिळवलेले ज्ञान ती घेऊन आलेली असते. ते तिच्या पिशवीत पूर्णपणे भरून देणे, हे शासनाचे काम. आणि सातव्या दिवशी ती आलीच नाही तर ‘का आली नाही’ हे ग्रामसभेत विचारणे, हे गावाचे.