थोरल्या भावाकडे हिशेब मागावा काय?

पित्याच्या पश्चात् घरांत जीं दुखणीं उद्भवतात त्यांपैकीं एकाचें नांव कोणी उघडपणें घेत नाहीं. वडिलांनीं मृत्युपत्र केलेलें असतें. त्यांत थोरल्या मुलास व्यवस्थापक, म्हणजे वकिलांच्या बोलींत ‘एक्झिक्यूटर’, नेमिलेलें असतें. आणि तें सर्वांस मान्यही असतें. पुढें वर्षश्राद्ध होतें, दुसऱ्या वर्षाचेंही होतें, पण वांटणीचा कागद जागचा हालत नाहीं. धाकट्या भावंडांच्या ओठांपर्यंत प्रश्न येतो, आणि ‘दादास काय वाटेल?’ या एका भयानें परत जातो. या महिन्यांत आम्ही त्या प्रश्नाविषयींच लिहिणार आहोंत.

धर्माबादेसारख्या गांवांतील एक घर डोळ्यांपुढें आणावें. सिकंदराबाद-मनमाड लोहमार्गावरील हें गांव मिरचीच्या बाजारपेठेसाठीं प्रसिद्ध आहे. तेलंगणाची सीमा इतकी जवळ कीं सकाळीं बासरच्या सरस्वतीचें दर्शन घेऊन दुपारच्या पानावर घरीं परत यावें. १९५६ सालीं हैदराबाद राज्याची विभागणी झाली तेव्हां या भागांतील कित्येक कुटुंबांचे सोयरे सीमेच्या दोहों बाजूंस राहिले. अशा घरीं थोरला भाऊ गांवींच असतो, धाकटा पुण्यास नोकरीवर, आणि बहीण निजामाबादेस दिलेली. मिळकत म्हणजे एक जुना वाडा, थोडी शेतजमीन, बँकेंतील ठेवी, आईचे दागिने, आणि वडिलांनीं कोणाकोणास उसने दिलेले पैसे. विषय काढला कीं उत्तर मिळतें, ‘सोयाबीन निघूं दे’, ‘मुलीचें लग्न उरकूं दे’, ‘नवा तलाठी रुजू होऊं दे’. हें चित्र कोणा एका घराचें नव्हे. पुष्कळ घरें मिळून तें झालेलें आहे.

प्रथम थोरल्या भावाची बाजू पाहूं. दिरंगाईच्या मुळाशीं नेहमीं लोभच असतो असें मानणें अन्यायाचें होईल. वडिलांच्या शेवटच्या आजारांत रात्री जागविल्या त्या त्यानें. औषधांचीं बिलें भागविलीं तीं त्यानें. तेराव्यापर्यंतचा खर्चही त्याच्याच हातून झाला. त्याची कोणी विचारपूस केली नाहीं हा सल त्याच्या मनांत असतो, आणि तो बोलून दाखविणें त्यास कमीपणाचें वाटतें. कित्येकांस कचेरीच्या पायऱ्यांचीच धास्ती असते. शिवाय वाडा त्याच्या ताब्यांत, शेत त्याच्या देखरेखीखालीं. त्याचें कांहींच अडलेलें नसतें. ज्याचें अडत नाहीं त्यास घाई नसते, हा मनुष्यस्वभावच आहे.

परंतु मिळकत कोणासाठीं थांबून राहत नाहीं. पावसाळ्यागणिक वाड्याची भिंत खचते. घरपट्टीची बाकी वाढते. ठेवीची मुदत संपून गेली तरी पावती कपाटांतच पडून असते. उसन्या पैशांचा दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आंत करावा लागतो. ती मुदत टळली म्हणजे ऋणको गालांतल्या गालांत हंसतो. एवढें होईतों भावंडांपैकीं एखादें निवर्ततें, त्याचीं मुलें वारस म्हणून उभीं राहतात, आणि जेथें तीन सह्या पुरल्या असत्या तेथें नऊ लागतात. म्हणजे दिरंगाईचें नुकसान थोरल्या भावाच्या वांट्यासही चुकत नाहीं.

कायद्यानें या बाबतींत पुष्कळ शहाणपण दाखविलें आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणें मृत्युपत्रान्वयें मिळणारा वांटा मृत्यूपासून एक वर्ष पुरें होईपर्यंत देण्यास व्यवस्थापक बांधलेला नाहीं. हें वर्ष त्याचें आहे; त्या अवधींत त्यास टोचूं नये. अंत्यसंस्काराचा वाजवी खर्च, आणि मृत्यूपूर्वीं एक महिन्यांतील वैद्याची फी वगैरे खर्च इतर सर्व देण्यांच्या आधीं भागवावा, असेंही तोच कायदा सांगतो. तेव्हां दादानें आपल्या पदरचे घातले असतील तर ते त्यास प्रथम मिळाले पाहिजेत. पण वर्ष उलटल्यावर पारडें फिरतें. व्यवस्थापकाच्या हयगयीनें मिळकतीपैकीं कांहीं वसूल व्हावयाचें राहून नुकसान झालें, तर तें त्यानें भरून द्यावें असें तेथें स्पष्ट आहे. न्यायालयाकडून प्रोबेट घेतलें असेल तर सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि एक वर्षांत हिशेब न्यायालयांत सादर करावा लागतो. मराठवाड्यांतील मिळकतीपुरतें प्रोबेट सक्तीचें नाहीं, म्हणून बहुतेक घरीं तें घेतलेंच जात नाहीं. आणि यादी व हिशेब मागणारें कोणीच उरत नाहीं. तें काम मग भावंडांनींच करावयाचें असतें.

येथें दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. बँकेंत ज्याचें नांव नामनिर्देशित, तोच पैशाचा धनी, असें पुष्कळ जण समजतात. तसें नाहीं. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर हे २०१३ सालीं निवर्तले. त्यांच्या मिळकतीसंबंधींच्या दाव्यांतून हाच मुद्दा शेअर व म्युच्युअल फंडांविषयीं निघाला, आणि नामनिर्देशनानें मालकी येत नाहीं, ती उत्तराधिकाराच्या कायद्यानेंच ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १४ डिसेंबर २०२३ रोजीं दिला. दुसरा गैरसमज मुलींविषयींचा. वडिलोपार्जित एकत्र मिळकतींत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीनें मिळाला आहे, आणि २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निःसंदिग्ध केला आहे. अशा मिळकतींत वडिलांस स्वतःच्या हिश्श्यापुरतेंच मृत्युपत्र करितां येतें. बहिणीचा हिस्सा त्यांना दुसऱ्यास देतां येत नाहीं.

व्यवस्थापकाचें काम किती निसरडें आहे याचें मोठें उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित १८९७ च्या ऑगस्टांत निवर्तले. त्यांनीं मृत्युपत्रांत लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे प्रभृति स्नेह्यांस व्यवस्थापक नेमिलें होतें. १९०१ सालीं मराठवाड्यांतच, औरंगाबादेस, दत्तविधान झालें. त्यावरून बाबामहाराजांच्या विधवा पत्नी ताईमहाराज व व्यवस्थापक यांच्यांत वाद पेटला. टिळकांवर खोट्या साक्षीचा फौजदारी खटलाही झाला. त्यांतून ते १९०४ सालीं उच्च न्यायालयांत निर्दोष सुटले. मूळ दाव्याचा निकाल प्रिव्ही कौन्सिलांत टिळकांच्या बाजूनें लागला तो १९१५ सालीं. मृत्युपत्रापासून निकालापर्यंत अठरा वर्षें गेलीं. ज्याच्या सचोटीविषयीं शंका घेऊं नये अशा पुरुषाची ही गत, तर ज्याच्याजवळ साधी वहीही लिहिलेली नाहीं त्या आपल्या दादानें केवळ विश्वासावर किती दिवस काढावे?

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, हिशेब मागणें हा अविश्वास नव्हे. उलट, जो हिशेब वेळेवर मागितला जात नाहीं त्याच्या जागीं संशय वाढतो. मात्र मागण्याची रीत असते. लग्नमुंजींत, पंक्तींत किंवा वहिनींच्या देखत हा विषय काढूं नये. फोनवरही काढूं नये, कारण बोललेलें दोघांस दोन तऱ्हांनीं आठवतें. पत्र लिहावें, आणि तें असें असावें:

‘ती. दादांस शिरसाष्टांग नमस्कार. अण्णांच्या आजारांत तूं व वहिनींनीं जें केलें तें आम्हां दोघांच्या हातून झालें नसतें. त्यांत तुझे किती पैसे गेले तें लिहून कळीव. ते आधीं तुला मिळाले पाहिजेत. मृत्युपत्राची एक प्रत, आणि मिळकत व देण्याघेण्याची यादी दिवाळीपर्यंत पाठीव. कचेरीचें कांहीं काम आमच्याकडे सोंपीव. बँकेचे कागद धाकटा पाहील, तलाठ्याकडे मी येईन. भाऊबिजेस तिघें बसून पुढचें ठरवूं.’

या पत्रांत कृतज्ञता आहे, कामाची वांटणी आहे, आणि मुदतही आहे. यांपैकीं मुदत गाळूं नये. दरम्यान स्वस्थ बसण्याचेंही कारण नाहीं. सातबाराचा उतारा कोणासही काढून पाहतां येतो. जमिनीवरील हक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास द्यावी असें महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत आहे, आणि ती देण्यास थोरल्याचीच सही लागते असें नाहीं.

उत्तर न आल्यास घरांतील ज्या वडीलधाऱ्यांचा शब्द दादा मानतो त्या मामांस किंवा काकांस मध्यें घालावें. तेंही निष्फळ झालें तर वकिलामार्फत नोटीस द्यावी, आणि अखेरीस मिळकतीची व्यवस्था न्यायालयानें करावी असा दावा लावावा. व्यवस्थापकास दूर करून दुसरा नेमण्याचा अधिकार उच्च न्यायालयास आहे. व्यवस्थापकाकडून वांटा मागण्याच्या दाव्यास तो देय झाल्यापासून बारा वर्षांची मुदत असते. पण या आंकड्यानें कोणी निर्धास्त होऊं नये, कारण तोंवर कागद आणि साक्षीदार दोन्ही झिजतात. आणि यादी पाहण्यापूर्वीं हक्कसोडपत्रावर सही तर मुळींच करूं नये. हक्क सोडावयाचा तो बहिणीनें समजून उमजून सोडावा. न समजतां केलेल्या सहीस औदार्य म्हणतां येत नाहीं.

बहिणीचें खरें भय पैशाचें नसतें. माहेरचा उंबरठा परका होईल, भाऊबिजेचें ताट कोणी मांडणार नाहीं, हें तें भय असतें. तें खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मनांत हिशेब आणि तोंडावर हंसूं ठेवून साजरी केलेली भाऊबीजही फार दिवस टिकत नाहीं. थोरल्या बंधूंनींही एक लक्षांत घ्यावें. वडिलांनीं व्यवस्थापक म्हणून तुमचें नांव लिहिलें तें मालक म्हणून नव्हे; सर्व भावंडांना सारखें जपेल असा मुलगा म्हणून लिहिलें. येत्या पितृपक्षांत वडिलांच्या नांवानें पान वाढाल तेव्हां धाकट्यांस बोलवा, आणि जेवणें झाल्यावर, कोणी मागण्यापूर्वींच, ती यादी त्यांच्यापुढें ठेवा.