जुलै महिन्यातल्या तीन तारखा

10 जुलै 2025 रोजी विधानसभेत महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झाले. विरोधात ठाम उभे राहिले ते एकच आमदार आणि तेही आमच्याच पालघर जिल्ह्यातले, डहाणूचे विनोद निकोले. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला, पण तोवर उशीर झाला होता. हे विधेयक संयुक्त समितीकडे जाऊन आले होते, त्या समितीत विरोधी पक्षांचेही सदस्य होते. तेव्हा ते काय करत होते?

इथे सूर्यमाळला एक सहकारी म्हणाले, "सर, ते नक्षलवाद्यांसाठी आहे, तुम्ही कशाला टेन्शन घेता?" सरकारचेही म्हणणे तेच. पण संघटना बेकायदा ठरवायचा अधिकार सरकारलाच, आणि गुन्हा अजामीनपात्र. 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या शेतकरी-आदिवासींना भाजपच्या एका खासदारांनी शहरी माओवादाशी जोडले होते. ते वनजमिनीचा हक्क मागत होते. आमच्या वर्गातल्या मुलांचे आईबाप तरी दुसरे काय मागतात?

गंमत बघा. 25 जून हा दिवस केंद्र सरकार 'संविधान हत्या दिवस' म्हणून पाळते. आणीबाणीत मिसाखाली तुरुंगात गेलेल्यांना राज्य सरकार मानधन देते. द्यावेच, ते विनाचौकशी आत होते. पण तो दिवस पाळून जेमतेम पंधरा दिवस झाले तोच हे विधेयक मंजूर!

दुसरी तारीख 21 जुलै. 2006 च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. एकोणीस वर्षांनी. त्यातला एक तर निकालाआधीच तुरुंगात वारला होता. मुख्यमंत्र्यांनी निकाल धक्कादायक म्हटला आणि सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे निकालाला स्थगिती मिळाली, मात्र सुटलेल्यांना परत आत जावे लागले नाही.

तिसरी तारीख 31 जुलै. 2008 च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी सोडले. त्या दिवशी धक्का नव्हता, आनंद होता. पुरावा नसेल तर आरोपी सुटलाच पाहिजे, यावर माझा वाद नाही. पण मग दहा दिवसांपूर्वी हाच नियम कुठे गेला होता? आणि दोन्हीकडे जे मेले, त्यांचे मारेकरी कोण, ते आजही कोर्टात सिद्ध झालेले नाही.

आता आपल्या घरातले बोलू. भाजपला नावे ठेवून आपण मोकळे होतो, पण 2006 मध्ये राज्यात सरकार कुणाचे होते? काँग्रेस-राष्ट्रवादीचे, ज्यांना आपण सेक्युलर म्हणून मते दिली. त्याच वर्षी शबे-बरातच्या दिवशी मालेगावात बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले. मेले आपले, आणि पकडले गेले तेही आपलेच नऊ तरुण. 2016 मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. टाडा 1985 मध्ये काँग्रेसने आणला, मोक्का 1999 मध्ये युतीने. 2004 मध्ये पोटा रद्द केल्याचे श्रेय यूपीएने घेतले, आणि त्यातली बरीच कलमे त्याच वर्षी यूएपीएमध्ये घातली. 2019 मध्ये त्या कायद्यात आणखी कडक दुरुस्ती आली, तेव्हा राज्यसभेत काँग्रेसने बाजूनेच मत दिले.

लोकल स्फोटाच्या खटल्यात 2015 मध्येच निर्दोष ठरलेले अब्दुल वाहिद शेख हे माझ्यासारखेच शाळामास्तर. नऊ वर्षे आत होते. नऊ वर्षांत पहिलीतले पोर दहावीला पोचते. मी त्यांचा हिशेब नेहमी असाच करतो.

सूर्यमाळ विक्रमगड मतदारसंघात येते, निकोलेंना मत द्यायची सोय मला नाही. पण यापुढे मत मागायला जो दारात येईल, भगव्या गमछाचा असो की तिरंगी, त्याला चहा पाजून एवढेच विचारणार आहे: 10 जुलैला तुमचा पक्ष सभागृहात काय बोलला?